उगमाचा रकाना

रिकामा रकाना भाऊसाहेबांना बघवत नसे. एखादा माणूस उपाशी बसलेला एक वेळ चालेल, पण फॉर्मातला रकाना उपाशी राहिलेला त्यांना चालायचा नाही. दाखल्यांच्या कार्यालयात हेडक्लार्क म्हणून त्यांनी अठ्ठावीस वर्षं काढली होती आणि या अठ्ठावीस वर्षांत त्यांच्या खिडकीतून एकही अर्ज अर्धवट भरलेला आत गेला नव्हता. एकदा एका आजोबांनी आईच्या जन्मतारखेपुढे 'माहीत नाही' असं लिहून आणलं. भाऊसाहेबांनी अर्ज परत केला. आजोबा म्हणाले, "अहो, ती जन्मली तेव्हा मी कुठे होतो?" भाऊसाहेब म्हणाले, "ते तुमचं तुम्ही बघा. 'माहीत नाही' ही काही तारीख नव्हे." तिसऱ्या खेपेला आजोबांनी कुठलीशी तारीख ठोकून दिली, भाऊसाहेबांनी तिच्यावर शिक्का मारला आणि एका माउलीचा जन्म सरकारदरबारी बिनचूक नोंदला गेला.

आता अशा माणसाच्या हातात कुणी इंग्रजी शब्दांचा उगम द्यावा का? पण मोठ्या साहेबांनी दिला. वरून परिपत्रक आलं होतं की कर्मचाऱ्यांचं इंग्रजी सुधारा. कसं सुधारायचं ते परिपत्रकात नव्हतं; ते कधीच नसतं. साहेबांनी डोकं चालवलं. "भाऊसाहेब, फळ्यावर रोज एक इंग्रजी शब्द लिहा. जरा वेगळा, कधी कानावर न आलेला. अर्थ लिहा, शब्द कुठून आला ते लिहा. लोक चहाला जाता-येता वाचतील." काम भाऊसाहेबांकडे आलं, कारण सगळ्या कार्यालयात वाचता येईल असं अक्षर फक्त त्यांचं होतं.

भाऊसाहेबांनी फळ्यावर पट्टी लावून तीन रकाने आखले: शब्द, अर्थ, उगम. कपाटात एक जाडजूड डिक्शनरी होती. आजवर तिचा उपयोग खिडकीचं दार वाऱ्याने आपटू नये एवढ्यापुरताच झालेला. ती पुसून त्यांनी कामाला लावली. पहिले आठ दिवस सुरळीत गेले. 'क्वारंटाइन' म्हणजे मुळात चाळीस दिवस. 'क्लू' म्हणजे मुळात दोऱ्याचा गुंडा. लोकांनी वाचलं, "असं होय" म्हटलं आणि चहा प्यायला गेले.

नवव्या दिवशी 'फ्लॅबरगास्ट' आला. अर्थ: थक्क करून सोडणे. उगम: अज्ञात.

भाऊसाहेब खडू हातात धरून फळ्यासमोर उभेच राहिले. डिक्शनरी छापणाऱ्या एवढ्या शिकल्यासवरल्या लोकांनी रकाना सरळ रिकामा सोडला होता. आणि 'अज्ञात' लिहायचं तर ज्या आजोबांना तीन खेपा घालायला लावल्या, ते उद्या खिडकीशी आले आणि सहज फळ्याकडे नजर गेली तर? शिपायाने आणून ठेवलेला चहा निवून गेला. शेवटी त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि लिहिलं: 'फ्लॅबर नावाच्या गावी गॅस्ट नावाचा दंतवैद्य होता. तो दुखरा दात सोडून शेजारचा उपटत असे. त्यावरून.' 'त्यावरून' एवढं लिहिलं की कुठलीही गोष्ट खरी वाटते, हा शोध भाऊसाहेबांना त्या दिवशी लागला.

आणि काय सांगावं, त्या दिवशी फळ्यापुढे ही गर्दी! ज्यांनी आठ दिवसांत फळ्याकडे ढुंकून पाहिलं नव्हतं, ते दोनदोनदा वाचायला आले. खुद्द साहेब केबिनमधून बाहेर आले, गालावर हात ठेवून म्हणाले, "माझाही असाच एक आहे हो डॉक्टर." शिपायाने फळ्याचा फोटो काढला आणि फोनवरून आपल्या सगळ्या गोतावळ्याला धाडला. शिपायाचा गोतावळा मोठा. त्याला सहा मेव्हणे होते.

दुसऱ्या दिवशी भाऊसाहेबांनी पुन्हा खरा उगम लिहिला तर शिपाई तोंडावर म्हणाला, "आज काही दम नाही भाऊसाहेब." हे वाक्य माणसाला जिव्हारी लागतं. मग 'बॅम्बूझल' आला, म्हणजे फसवणे. डिक्शनरी पुन्हा गप्प. भाऊसाहेबांनी लिहिलं की एक व्यापारी पोकळ बांबू भरीव म्हणून विकत असे, त्यावरून. मग आला 'निनकंपूप', म्हणजे महामूर्ख. जहाजाच्या मागच्या उंच भागाला पूप म्हणतात, एवढं भाऊसाहेबांना ठाऊक होतं. तिथे त्यांनी निंकम नावाचा एक खलाशी बसवला. तो कायम मागे तोंड करून बसायचा आणि जहाज मागे चाललंय म्हणून ओरडायचा. हा निंकम तर इतका गाजला की लेखा विभागातल्या बाई आपल्या नवऱ्याचा उल्लेख 'आमचे निंकम' असा करू लागल्या.

वर्षभरात दोनशे बारा शब्द झाले. भाऊसाहेब ते सगळे घरी आल्यावर सुवाच्य अक्षरात वहीत उतरवत. कोणता डिक्शनरीतला आणि कोणता पदरचा, याची खूण मात्र त्यांनी वहीत केली नाही. का केली नाही? तर वहीला रकाने तीनच होते.

त्यांची मुलगी चिऊ आठवीत होती. तिचं बापावर इतकं प्रेम की आईलाही कधीकधी ते जास्त वाटे. बाबा म्हणजे चालतंबोलतं ज्ञान, हे तिने वर्गात जाहीर करून टाकलं होतं. एका शुक्रवारी ती शाळेतून पळतच घरी आली आणि दप्तर खांद्यावरून न काढताच ओरडली, "बाबा, आंतरशालेय स्पर्धेच्या अंतिम फेरीत मी आहे! परवा, रविवारी सकाळी. आणि विषय काय असेल सांगा! इंग्रजी शब्दांचे उगम! जिंकले तर पुढच्या फेरीला बाहेरगावी, चार दिवस! मी बाईंना सांगून टाकलंय, मला काळजीच नाही, बाबांची अख्खी वही पाठ आहे."

"अख्खी?" भाऊसाहेब म्हणाले.

"दोनशे बाराच्या दोनशे बारा!"

भाऊसाहेब "वा, वा" म्हणाले आणि भिंतीला टेकून उभे राहिले.

त्यातले आपले किती? पाच-सहा असतील, असं ते मनाशी म्हणाले. हात धुताना त्यांना वाटलं, दहाएक. जेवताना तो आकडा पंचवीसवर गेला. बायकोने विचारलं, "अहो, भाजीत मीठ कमी पडलंय का? तोंड असं का केलंय?" भाऊसाहेब म्हणाले, "नाही नाही, सगळं अज्ञात आहे." आणि पाणी प्यायले.

खरं काय ते कार्यालयातली डिक्शनरी सांगेल, हा विचार डोक्यात आला आणि तिथल्या तिथे मावळला. ती डिक्शनरी गेल्याच महिन्यात निरुपयोगी सामानाच्या यादीत घालून रद्दीत काढली होती. यादीवर 'तपासले, निरुपयोगी' असा शेरा आणि खाली सही होती. कोणाची ते सांगायला नको.

त्यांनी फोन घेतला आणि गच्चीवर गेले. अलीकडे सगळं फोनवर मिळतं म्हणतात. त्यांनी 'निनकंपूपचा उगम' असं विचारलं. पहिलाच निकाल निंकमचा निघाला! जहाजावर मागे तोंड करून बसणारा खलाशी, अगदी जसाच्या तसा. त्याखाली दुसऱ्या ठिकाणी तेच, तिसऱ्या ठिकाणी तेच. शिपायाच्या सहा मेव्हण्यांनी निंकमला कुठल्या कुठे पोचवलं होतं. इथवर ठीक. पण चौथ्या ठिकाणी निंकमचं चित्र होतं आणि त्याला चांगली भरघोस दाढी होती. भाऊसाहेब चक्रावले. त्यांनी निंकमला दाढी दिली नव्हती. म्हणजे निंकमबद्दल कुणालातरी त्यांच्यापेक्षा जास्त माहीत होतं. म्हणजे निंकम खरोखरच होऊन गेला होता की काय? आपण कुठेतरी वाचलं असेल आणि वाटलं असेल की आपणच रचलं? असं होतं माणसाचं. भाऊसाहेबांनी दंतवैद्य गॅस्ट शोधला, तोही सापडला. बांबूवाला सापडला, त्याला तर दोन बायका होत्या. अर्ध्या तासाने ते गच्चीवरून उतरले तेव्हा त्यांना स्वतःच्या जन्मतारखेचीही खात्री राहिली नव्हती.

जिन्यात समोरचे विमा एजंट भेटले. भाऊसाहेबांनी सावधपणे सुरुवात केली. "माझा एक मित्र आहे. त्याने मुलीला काही गोष्टी जरा आपल्या मनाच्या शिकवल्या आणि आता तिची परीक्षा आहे."

"मित्राची मुलगी कितवीत आहे?"

"आठवीत."

"म्हणजे चिऊच्या वर्गात?"

"हो. म्हणजे नाही. दुसऱ्या तुकडीत."

"मित्राला सांगा, गप्प बसायचं," एजंट म्हणाले. "लोक खरंखोटं बघत नाहीत, चेहरा बघतात. मी वीस वर्षं पॉलिसी विकतोय, मागच्या पानावरच्या अटी मी स्वतः अजून वाचलेल्या नाहीत."

तेवढ्यात खालच्या मजल्यावरचे मास्तर वर आले. भूगोल शिकवून निवृत्त झालेले. जिन्यात दोन माणसं बोलत असली की तिसरे मास्तर असायचेच. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मी एका नदीचा उगम अठरा वर्षं भलत्याच डोंगरात शिकवला. मुलं पास झाली. नदीनेही तक्रार केली नाही." जरा थांबून म्हणाले, "फक्त माझा मुलगा त्या डोंगरात सहलीला गेला आणि दोन दिवस नदी शोधत हिंडला. अजून नीट बोलत नाही माझ्याशी."

हे शेवटचं वाक्य मास्तरांनी सांगितलं नसतं तर फार बरं झालं असतं. बक्षीस गेलं तर गेलं. पण पोरगी शेकडो माणसांसमोर माईकवर उभी राहून बांबूवाल्याची गोष्ट सांगेल, लोक हसतील, आणि ती आपल्याकडे वळून बघेल, तेव्हा आपण कुठे बघायचं?

शनिवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून भाऊसाहेब सार्वजनिक वाचनालयात गेले. तिथे दोन खंडांची मोठी डिक्शनरी होती. ग्रंथपालाने एक फॉर्म पुढे सरकवला. भाऊसाहेबांनी नाव, पत्ता, कारण असं सगळं भरून दिलं. ग्रंथपालाने चष्म्यावरून बघत फॉर्म परत केला. "शिफारस करणाऱ्या सभासदाचा क्रमांक राहिलाय."

"मी इथे कुणाला ओळखत नाही हो."

"रिकामा रकाना चालत नाही."

भाऊसाहेबांनी एक आकडा ठोकून दिला. ग्रंथपालाने त्यावर शिक्का मारला आणि दुसरा खंड आणून आदळला. 'एन'पासून पुढचा.

"आणि पहिला?"

"बाइंडिंगला गेलाय."

"कधी येईल?"

"तो गेला तेव्हा मी इथे नव्हतो," ग्रंथपाल म्हणाला.

म्हणजे अर्धी इंग्रजी भाषा बाइंडिंगवाल्याच्या दुकानात अडकलेली! उरलेल्या अर्ध्या भाषेवर भाऊसाहेब पाच वाजेपर्यंत वाकून बसले. पुढ्यात वही, हातात पेन्सिल. 'निनकंपूप' तिथे होता: उगम अज्ञात. दाढीचा कुठेही उल्लेख नव्हता. भाऊसाहेबांना एकीकडे बरं वाटलं, कारण निंकम त्यांचाच होता. आणि दुसरीकडे वाईट वाटलं, त्याच कारणासाठी. 'सार्कॅझम', म्हणजे टोमणा, मुळात ग्रीक भाषेत मांस फाडणे. हा त्यांना स्वतःचा वाटला होता, पण चक्क खरा निघाला. वाचनालय बंद होईस्तोवर 'एन'नंतरचे सत्याण्णव शब्द तपासून झाले. त्यातले एकवीस निखालस खोटे होते. 'एम'पर्यंतचे एकशे पंधरा शब्द देवाच्या भरवशावर राहिले.

दिवेलागणीला ते घरी आले. चिऊ खुर्चीवर उभी राहून आरशासमोर उत्तरं म्हणत होती. भाऊसाहेबांनी चप्पलसुद्धा काढली नाही. काढली असती तर धीर गेला असता.

"चिऊ, खाली ये. त्या वहीतलं काही काही मी रचलंय."

"रचलंय म्हणजे?"

"म्हणजे मनाने लिहिलंय. खोटं आहे."

चिऊ खुर्चीवरून उतरली. "कोणतं?"

"एकवीस सापडलेत. बाकीचे कोणते, तेच तर मला कळत नाहीये गं."

चिऊने अगदी हळू विचारलं, "मी लहान असताना तुम्ही सांगितलं होतं, की पडलेल्या दाताला रोज गुड मॉर्निंग म्हटलं की नवा दात सरळ येतो. ते?"

"ते... तेही."

"आणि माझ्या कानामागचा तीळ हुशारीचा असतो?"

"ते आईने सांगितलं होतं," भाऊसाहेब घाईघाईने म्हणाले. आतून बायकोचा आवाज आला, "मला मध्ये ओढू नका!"

चिऊ त्यांच्या हातातली वही घेऊन आतल्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं. भाऊसाहेब बाहेर चप्पल घालून तसेच उभे. अठ्ठावीस वर्षांत खिडकीच्या पलीकडे किती माणसं अशी ताटकळत उभी राहिली असतील, असा एक नको तो विचार त्यांच्या मनात येऊन गेला. अर्ध्या तासाने दार उघडलं. चिऊचे डोळे लाल होते आणि हातात लाल पेन होतं.

"बसा," ती म्हणाली. "एकेक घेऊ. खोट्यावर मी फुली मारणार. फुलीवाला शब्द आला की मी 'उगम अज्ञात' म्हणणार. आठवून सांगायचं. वाटतंय बिटतंय चालणार नाही."

पण 'एम'पर्यंतचं कसं ठरवायचं? डिक्शनरी नाही, फोनवर सगळीकडे भाऊसाहेबच पसरलेले. शेवटी चिऊनेच नियम काढला. जे वाचायला कंटाळवाणं ते खरं, आणि जे ऐकायला गोड ते बाबांचं. भाऊसाहेब मनातून सुखावले, पण तोंड पडलेलंच ठेवलं. जिथे दोघांनाही ठरेना तिथे बायको निकाल देऊ लागली. ती पोळ्या लाटतालाटता "ठेवा" नाहीतर "काटा" एवढंच म्हणे. तिच्या आवाजात इतकी खात्री असे की वर अपील करायची कुणाची छाती नव्हती. जेवायच्या वेळेपर्यंत एकशे पंधराचा निकाल लागला.

रविवारी सभागृह खच्चून भरलं होतं. प्रमुख पाहुणे म्हणून मोठे साहेबच मंचावर बसलेले पाहून भाऊसाहेबांना धडकी भरली. मागच्या रांगेत शिपाई दोन मेव्हण्यांसह हजर होता. विमा एजंट आणि मास्तर 'मित्राच्या मुलीला' बघायला म्हणून आले होते.

चिऊ सुंदर खेळली. एकामागून एक शाळा गळत गेल्या आणि शेवटी दोघीच उरल्या: चिऊ आणि दोन वेण्या घातलेली एक मुलगी. गुण समसमान. प्रश्न विचारणाऱ्या इंग्रजीच्या बाईंनी शेवटचं कार्ड उचललं आणि चिऊकडे वळल्या. "निनकंपूप. या शब्दाचा उगम सांग."

भाऊसाहेबांचा जीव भांड्यात पडला. हा तर दुसऱ्या खंडात त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी वाचलेला!

"उगम अज्ञात आहे," चिऊ ठणठणीत आवाजात म्हणाली.

"चूक," बाई म्हणाल्या. आणि दोन वेण्यांची मुलगी भराभरा बोलू लागली: निंकम नावाचा खलाशी होता, तो जहाजाच्या पूपवर मागे तोंड करून बसायचा, त्याला दाढी होती, त्यावरून. "अगदी बरोबर!" बाई म्हणाल्या आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. शिपाई तर उभा राहून टाळ्या वाजवत होता.

चिऊने प्रेक्षकांत बघितलं. रागाने नाही. नुसतं बघितलं.

आता इथे गप्प बसायचं की उठायचं? गप्प बसलं तर पोरीचं खरं उत्तर खोटं ठरतं. उठलं तर साहेबांसमोर, शिपायासमोर, त्याच्या मेव्हण्यांसमोर वर्षभराची अब्रू मातीत जाते. भाऊसाहेबांचे पाय हा विचार पुरा व्हायच्या आतच उभे राहिले होते.

"बाई, तिचं उत्तर बरोबर आहे. निंकम खोटा आहे. तो मी रचलाय."

सभागृहात हशा पिकला. बाई समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "वडिलांना वाईट वाटणं साहजिक आहे. बसा हं काका."

"अहो, मी वाचनालयातली डिक्शनरी बघून आलोय. तिच्यात 'अज्ञात' लिहिलंय."

"डिक्शनरीला माहीत नसेल. आम्हाला माहीत आहे." बाईंनी कार्ड उंच धरलं. कार्डावर निंकमचं चित्र होतं.

मग साहेब उठले. माईक हातात घेऊन म्हणाले, "भाऊसाहेब, बसा. मी तुम्हाला बारा वर्षं ओळखतो. तुम्ही साधा रजेचा अर्ज कधी छापील नमुन्याबाहेर लिहिलेला नाही. असलं काही तुम्हाला सुचेल तरी का? शक्यच नाही!"

"मला सुचतं!" भाऊसाहेब ओरडले. त्यांचा आवाज चिरकला. "दंतवैद्यही माझाच आहे! बांबूवालाही माझाच!"

"यांना पाणी द्या कुणीतरी," साहेब म्हणाले.

काय माणसाच्या नशिबाला येईल सांगता येत नाही. खोटं लिहिलं तेव्हा जगाने डोक्यावर घेतलं आणि खरं बोलायला उठले तर पाण्याचा ग्लास पुढे आला. मास्तर मागून शर्टाचं टोक ओढत होते. भाऊसाहेब खाली बसणार, इतक्यात मंचावरून आवाज आला.

"माझे बाबा खोटं बोलतात!"

चिऊने माईक दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. "ते खूप चांगलं खोटं बोलतात. मी लहान होते तेव्हापासून बोलतात. निंकम त्यांनीच रचलाय, काल त्यांनी मला स्वतः सांगितलं आणि सांगताना त्यांनी चप्पलसुद्धा काढली नव्हती. त्यांना असलं सगळं सुचतं. साहेबांना त्यांच्याबद्दल काहीच माहीत नाही."

आपल्या बापाची अशी बाजू कुठल्या मुलीने कधी घेतली नसेल. भाऊसाहेबांचे डोळे भरून आले. साहेब माईक ठेवून खाली बसले. परीक्षक एकमेकांच्या कानाला लागले आणि पाच मिनिटांनी बाईंनी जाहीर केलं की वाद झाल्यामुळे प्रश्न रद्द. दोघींना मिळून एक नवा प्रश्न, जी आधी घंटी वाजवेल तिचं उत्तर.

"मसल," बाई म्हणाल्या. "म्हणजे स्नायू. हा शब्द मुळात कुठून आला?"

चिऊची घंटी आधी वाजली. हा शब्द वहीत होता, आणि काल संध्याकाळी त्याच्यावर ठळक लाल फुली पडली होती. वहीत लिहिलं होतं की लॅटिनमध्ये याचा अर्थ लहानसा उंदीर. दंड हलवला की कातडीखाली उंदीर पळाल्यासारखा दिसतो, त्यावरून. भाऊसाहेबांना तो आपला की डिक्शनरीचा ते काही केल्या आठवेना. आणि आतून बायकोने लाटणं न थांबवता निकाल दिला होता, "दंडात बेडकुळी असते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. उंदीर कुठून आला? काटा."

"उगम अज्ञात," चिऊ म्हणाली.

"चूक. लहानसा उंदीर. हे मात्र मी स्वतः डिक्शनरीत बघितलंय," बाई म्हणाल्या, आणि 'डिक्शनरीत' म्हणताना त्यांनी भाऊसाहेबांकडे पाहिलं. दोन वेण्यांची मुलगी 'उंदीर, उंदीर' म्हणत आधीच उड्या मारत होती.

चिऊला दुसरं बक्षीस मिळालं, एक पेन. भाऊसाहेब तिला घेऊन गर्दीतून बाहेर पडले. साहेबांची नजर त्यांनी चुकवली, शिपायाची चुकवता आली नाही. शिपाई हात जोडून म्हणाला, "भाऊसाहेब, उद्या फळ्यावर निंकमच्या बायकोचं लिहा."

रस्त्याने बापलेक चालत होते. ऊन चढलं होतं. चार दिवसांची बाहेरगावची फेरी दोन वेण्यांच्या मुलीबरोबर निघून गेली होती. एका बंद दुकानापाशी आल्यावर भाऊसाहेब म्हणाले, "माझ्यामुळे गेलं गं तुझं. उंदीर खरा होता, आणि मलाच खरा वाटला नाही."

चिऊ थांबली. तिने दप्तर खाली ठेवलं, गणवेशाची बाही खांद्यापर्यंत वर सारली, मूठ आवळली आणि दात-ओठ खाऊन दंड वाकवला.

"बाबा, बघा. उंदीर आहे की बेडकुळी?"

भाऊसाहेब आयुष्यभराच्या सवयीने तोंड उघडणार होते. सिंह आहे गं सिंह, असं काहीतरी अगदी जिभेवर आलं होतं. त्यांनी तोंड मिटलं. चष्मा काढून सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला आणि वाकून तिचा दंड एका बाजूने पाहिला, मग दुसऱ्या बाजूने पाहिला.

"खरं सांगू?"

"सांगा."

"काहीच नाही गं. नुसती काडी आहे."

चिऊ त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. मग खो खो हसत सुटली. बाही खाली केली, दप्तर उचलून बापाच्या हातात दिलं आणि म्हणाली, "चला, भूक लागलीय."